शेरा : गेला

वर्तमानपत्रात अधूनमधून मथळा असतो : 'अमक्या पक्षाचे चार नगरसेवक तमक्याच्या गळाला'. हा मथळा लिहिणाऱ्याने जन्मात कधी गळ टाकलेला नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. नगरसेवकांचं मला ठाऊक नाही, पण मासा असा चार-चारच्या गठ्ठ्याने, दुपारी दोन वाजता, फोटोसाठी हसत गळाला लागत नाही. लागलाच तर लागल्या क्षणी तो कमळाच्या पानांखाली शिरतो, देठांना दोन वेढे देतो, तुमचा तंगूस तिथेच बांधून ठेवतो आणि आपल्या कामाला निघून जातो. (यातून कोणी राजकीय अर्थ काढू नये. मी खरोखरच कमळाबद्दल बोलतोय.)

हे ज्ञान मला सासुरवाडीत मिळालं. सासुरवाडी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या जरा अलीकडे. मी पुण्याचा. पुण्यात तलाव म्हणजे ज्याच्या काठावर भेळ मिळते आणि 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी असते तो. तिकडे गावाला तलाव असतो म्हणण्यापेक्षा तलावाला गाव असतं, आणि एका तलावावर भागत नाही म्हणून शेजारी एखादी बोडी, म्हणजे छोटा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या राज्यात कोहळी मंडळींनी त्यातले कितीतरी बांधले. बांधले म्हणजे काय, तर उताराला नेमक्या जागी मातीची पाळ घातली आणि पावसाला बसायला जागा करून दिली. पुढे मालगुजार आले, तलावांना त्यांचं नाव चिकटलं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पण लोक अजून 'मालगुजारी तलाव'च म्हणतात. एकदा नाव पडलं की सरकारचं काही चालत नाही.

नवेगाव बांधच्या जंगलात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले आणि तिथल्या पाण्याबद्दल, पक्ष्यांबद्दल त्यांनी मराठीला वेड लावलं. लग्नाआधी मी त्यांची दोन पुस्तकं वाचली होती. त्यामुळे तलावांबद्दल आपल्याला बऱ्यापैकी कळतं, अशी माझी समजूत होती. ती माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी, चहा यायच्या आत, काढून घेतली.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले लिपिक. उभा जन्म त्यांनी पाण्याच्या नोंदी केल्या आणि निवृत्त झाल्यावर त्याच पाण्यातल्या माशांच्या सुरू केल्या. मासेमारी हा त्यांचा धंदा नव्हे, शौक. ज्यांचा तो धंदा आहे, ती ढिवर मंडळी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेने आपण हार्मोनियम शिकणाऱ्या शेजाऱ्याकडे बघतो : माणूस चांगला आहे, वेळ जातो बिचाऱ्याचा. तलाव मच्छिमार संस्थेच्या ठेक्यात आहे. संस्थेने त्यांना एका गरीची (गळाला तिकडे गरी म्हणतात) तोंडी परवानगी दिली आहे. ही परवानगी देण्याआधी कार्यकारिणीने त्यांची नोंदवही मागवून वाचली आणि मग एकमताने दिली.

ती नोंदवही हा एक ऐवज आहे. लाल कापडी पुठ्ठा, आडवा आकार, प्रत्येक पानाला हाताने क्रमांक आणि पहिल्या पानावर 'या नोंदवहीत १९२ पाने आहेत' असं प्रमाणपत्र, खाली सही आणि तारीख. रकाने असे : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, ठिकाण, आमिष, हवामान, निष्पन्न, शेरा. पहिल्या संध्याकाळी ती माझ्या मांडीवर ठेवण्यात आली. दुसऱ्या घरांत जावयाला लग्नाचा अल्बम दाखवतात.

मी पानं उलटली. 'आमिष : कणीक व हळद. निष्पन्न : निरंक.' 'आमिष : कणीक, हिंग. निष्पन्न : निरंक. शेरा : हिंग संपल्याबाबत घरून विचारणा.' 'आमिष : गांडूळ. निष्पन्न : कासव (१). शेरा : सोडून दिले. गरी परत मिळाली नाही.' बंगालकडचे शौकीन लाल मुंग्यांची अंडी गळाला लावतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि पाळीवरच्या आंब्यावर लाल मुंग्यांचं पानांनी शिवलेलं घरटं होतं. त्या दिवशीची नोंद : 'आमिष : मुंग्यांची अंडी. निष्पन्न : निरंक. शेरा : मुंग्या.' अक्षर त्या एका ओळीपुरतं थरथरलेलं.

पण सगळ्यात जास्त वेळा जी नोंद होती, ती दोनच शब्दांची. निष्पन्न : लागला. शेरा : गेला. ठिकाण प्रत्येक वेळी एकच : 'पोयणीजवळ.'

"पोयणीजवळच का टाकता मग?" मी विचारलं. "मोकळ्या पाण्यात टाका ना."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "मोकळ्या पाण्यात मासाच नाही ना बापू. पैसे ब्यांकेत आहेत, आन तुम्ही मैदानात शोधून राहिले."

इथे पोयणीचं जरा सांगायला हवं. आपण मराठी माणसं पाण्यातल्या प्रत्येक गोल पानाला कमळ म्हणून मोकळे होतो. खरं कमळ पाण्याच्या वर हातभर उंच छत्री धरून उभं असतं, त्याचे देठ खरखरीत काट्यांचे, आणि पानावरचं पाणी पाऱ्यासारखं पळतं ते त्याच्याच. पोयणीचं पान पाण्याला चिकटून पसरलेलं असतं, एका बाजूने देठापर्यंत चीर, कुणीतरी पुरणपोळीचा एक घास आधीच काढल्यासारखं. दिसायला ह्या दोघी सख्ख्या बहिणी, पण वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात नातं फार लांबचं, जवळजवळ नाहीच. गावात मात्र दोन्ही 'कमळ', आणि फक्त आमचे सासरे नोंदवहीत वेगवेगळं लिहितात.

एकदा मी पोयणीचं एक पान काठावरून ओढून उलटं करून पाहिलं. वरून हिरवं, मेणचट, स्वच्छ, पूजेच्या ताटासारखं. खालून लालसर जांभळं, बुळबुळीत आणि गजबजलेलं. गोगलगाईच्या अंड्यांचा साबुदाण्याच्या खिचडीसारखा पारदर्शक गोळा, चतुराचं एक कुरूप पिल्लू, दोन इवल्या जळवा, आणि काहीतरी असं की ज्याला नाव नसावं आणि जे माझ्याकडे बघून आत सरकलं. वरच्या मजल्यावर देव्हारा आणि तळघरात खानावळ. मासा तिथे का राहतो हे मला तेव्हा कळलं. सावली आहे, जेवण आहे, वरून बगळा दिसत नाही आणि बगळ्याला तो दिसत नाही. पुण्यात अशा जागेला कोथरूड म्हणतात.

तलावातल्या माशांची घरं मजल्यांवर असतात, हेही सासऱ्यांनी शिकवलं. कटला सगळ्यात वर. त्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कायम वरून काही मंजूर होऊन येणार आहे असा चेहरा. मधल्या पाण्यात रोहू : मध्यमवर्गीय, नीटनेटका, ओठांना झालर. तळाला मृगळ, जो कुणाच्या अध्यात ना मध्यात, चिखलातून मिळेल ते खातो. तीन मजली चाळ, भांडण नाही. मग बाहेरचे भाडेकरू आले. सायप्रिनस आपल्याकडे १९३९मध्ये एकदा श्रीलंकेतून निलगिरीत आला, आणि १९५७मध्ये बँकॉकहून त्याचा दुसरा भाऊबंद. त्याच्या ओठांशी दोन-दोन मिशा आणि स्वभाव सगळ्या मजल्यांवर फिरून ढवळाढवळ करण्याचा. १९५९मध्ये चंदेरा आणि गवत्या आले. गवत्या नावाप्रमाणेच पाण्यातलं गवत खातो. तो एकदा तलावात सोडा असं मी सुचवलं, म्हणजे पानं कमी होतील. सासरे म्हणाले, "ब्यांक लुटून खाती मोकळी नाही करत बापू."

यातली गंमत अशी की कटला, रोहू, मृगळ हे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराची नदी लागते. म्हणून पूर्वी नदीत पूर आला की तिथून पिल्लं गाळून आणायची. मग १० जुलै १९५७ला कटकला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क माशालाच टोचून त्याला पूर आल्याचा भास घडवला. मासा फसला. अख्खी भारतीय मत्स्यशेती त्या फसगतीवर उभी आहे, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. थोडक्यात, आमच्या तलावातला प्रत्येक कटला हा सरकारी कागदातून आलेला आहे. आधी 'मत्स्यजिरे', मग वाढून बोटाएवढं झालं की 'बोटुकली', आणि बोटुकलीची पावती. सासऱ्यांच्या मते तलावात किती सोडले याचा हिशेब संस्थेकडे आहे आणि किती निघाले नाहीत याचा हिशेब त्यांच्याकडे. दोन्ही जुळवले तर ताळेबंद पूर्ण होतो.

बोलता बोलता 'साहेबां'चा विषय निघाला. पोयणीच्या दाट पट्ट्यात एक मोठा कटला आहे. सासऱ्यांनी तो दोनदा पाठीवरून पाहिला होता, चारदा तंगूसावर अनुभवला होता. त्याचं नाव साहेब.

"साहेब का?"

"अर्ज घेते. ठेवून घेते. उत्तर नाही देत."

आता ह्या साहेबांना गळाला लावणं कठीण का, तर या जातीच्या माशाची रचनाच तशी आहे. त्याला तोंडात दात नसतात, ते असतात घशात. जठर नावाचा प्रकार त्याला नसतोच, घशातून थेट आतडं. म्हणजे पोट भरलं आहे की नाही हा प्रश्नच नाही, खाणं अखंड चालू. मग गळ पटकन गिळायला हवा की नाही? नाही. हा प्राणी घास ओठांनी आत ओढतो, चव बघतो आणि पसंत नसेल तर फुंकून बाहेर टाकतो, आणि हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत. मंडईत एक-एक द्राक्ष तोंडात टाकत पुढच्या गाळ्यावर जाणारं गिऱ्हाईक आठवा. विक्रेत्याने कितीही चपळाईने पावती फाडली तरी ते सापडत नाही.

मी तेव्हा पोळ्याला गेलो होतो. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, बैल मोकळे झाले, जावई मोकळा झाला नाही. सासऱ्यांनी तीन दिवस आधीपासून त्या जागी 'चारा' टाकायला सुरुवात केलेली होती : भाताचा कोंडा, सरकीची ढेप, थोडा गूळ, सगळं भिजवून त्याचे लाडूएवढे गोळे. पानांच्या पट्ट्यात एक तव्याएवढी मोकळी जागा होती, तिथे ते नेम धरून पडायचे. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी. "माझ्या लग्नात वऱ्हाडाला एवढं वाढलं नव्हतं," माझी बायको म्हणाली. मी त्या वऱ्हाडात होतो. खरं आहे.

गळाला लावायचा गोळा वेगळा. कणीक, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, बडीशेप, गूळ आणि एक पदार्थ जो सासरे माझ्याकडे पाठ करून घालायचे. (वेलदोडा होता. हाताला वास येतो.) तो गोळा मळायचा किती, याचं एक माप आहे. सैल झाला तर पाण्यात विरघळतो, घट्ट झाला तर मासा फुंकतो. "कानाच्या पाळीवाणी पाह्यजे," असं म्हणून ते एका हाताने गोळा आणि दुसऱ्या हाताने कान चाचपत. मीही केलं. दुपारपर्यंत माझ्या कानाभोवती माशा होत्या, म्हणजे घरातल्या माशा, तलावातला मासा नव्हे.

पहिल्या पहाटे आम्ही पाळीवर पोचलो तर तिथे प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची ठेवलेली. जावयाला जमिनीवर बसवायचं नाही. सासरे स्वतः दगडावर, मी खुर्चीत. पाळीच्या उतारावरची ओली माती आणि पंच्याहत्तर किलोचा जावई यांच्यात जे व्हायचं ते व्हायला लागलं. खुर्ची रुतू लागली, पण चारही पाय सारख्या वेगाने नव्हेत. अर्ध्या तासात मी पाण्याकडे असा झुकलो होतो, जणू माशांनाच काही विचारायचं आहे. बोलायची बंदी होती. हलायचीही. मासा बाहेर कान नसतानाही उत्तम ऐकतो, अंगावरच्या रेषेने पाण्यातलं कंपन टिपतो, आणि पाळीवर पाय आपटला तर पानांखालच्या साहेबांना चहावाला आल्याचं कळतं.

"हालून नका राहू," सासरे कुजबुजले.

"मी हलत नाहीये. खुर्ची हलतेय."

"मंग खुर्चीले सांगा."

तिथे बसल्यावर काय बघायचं, तर पानं. वारा नसताना एकच पान हललं, तर खाली देठाला कुणाचा तरी खांदा लागला. दोन-तीन पानं ओळीने हलली, तर कुणीतरी कुठेतरी निघालंय. पानाच्या कडेशी 'चप्' असा ओठांचा आवाज आला, आमटी भुरकल्यासारखा, तर जेवण सुरू आहे. बारीक बुडबुड्यांची रांग उठली तर मृगळ किंवा सायप्रिनस चिखल उकरतोय. हे वाचायला शिकलं की समोरचं पाणी हळूहळू पाणी राहत नाही, ती एक वाहती गल्ली होते. तासाभराने मी पन्नास पावलांवरचं पान हललेलं ओळखू लागलो. ते कमळपक्ष्याने हलवलं होतं.

हा कमळपक्षी पानांवरून चालतो. बोटं इतकी लांब की वजन वाटलं जातं आणि पान बुडत नाही. माझ्या खुर्चीला हे तंत्र कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. पानावर चार चकचकीत तपकिरी अंडी होती आणि त्यांच्यावर एक पक्षी बसलेला. मी ठेवणीतलं चितमपल्ली-ज्ञान काढलं आणि हळूच सांगितलं की अंड्यांवर बसलेला तो नर असतो, यांच्यात अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे.

"आन बाई?"

"ती दुसऱ्या नराकडे जाते. तिथे अंडी घालते."

सासरे बराच वेळ त्या पक्ष्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बिचारा. गरी टाकायले बी सवड नसन."

दुसऱ्या दिवशीही निरंक. शांतता असह्य होऊन मी त्यांना इंग्लंडातली गोष्ट सांगितली. तिकडे रेडमायर नावाचं एक लहानसं तळं आहे. १९५२च्या सप्टेंबरात रिचर्ड वॉकर नावाच्या गळवाल्याने तिथे २० किलोचा सायप्रिनस धरला. साहेबाच्या देशात तेव्हा एवढा मोठा कुणी धरलेला नव्हता. त्याने ती मासळी खाल्ली नाही. पोत्यात पाण्यात ठेवली आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन केला. तिथे ती काचेच्या टाकीत राहिली, लोक तिला बघायला जायचे, तिचं नाव पडलं क्लॅरिसा. १९७१पर्यंत जगली.

सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. "एकोणीस वर्षं नोकरी. पेन्शनीले पात्र झाली." थोड्या वेळाने : "खाल्ली नाहीच कोणी?"

"नाही. तिकडे आता बहुतेक जण पकडतात, वजन करतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. जखमेला औषधही लावतात."

"मंग पकडते कशाले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ज्याच्या नोंदवहीत सत्तर पानं निरंक आहेत, तो माणूस हे विचारतोय, हेही माझ्या लक्षात आलं. जावई असल्यामुळे मी ते बोललो नाही.

तिसऱ्या पहाटे ते घडलं. तरंगती खूण म्हणून सासरे झिजलेल्या हवाई चपलेचा निळा तुकडा लावतात, सुपारीएवढा. तो त्या तव्याएवढ्या मोकळ्या पाण्यात उभा होता. काठी माझ्या हातात, कारण सासरे चष्मा पुसत होते. आधी शेजारचं पान हललं. मग दुसरं. मग निळा तुकडा बुडला वगैरे नाही. तो अतिशय सभ्यपणे, कुणी सरकवलेल्या खुर्चीसारखा, डावीकडे चालू लागला.

"बाबा."

"थांबा."

"बाबा, तो जातोय."

"थांबा म्हणतो ना... आता! आता वढा!"

मी ओढलं. पलीकडून कुणीतरी त्याहून जोरात ओढलं. काठी वाकली, तंगूस पाण्यातून चिरत सूं करत निघाला, आणि मला एकदम कळलं की हे मला येतं. मी लहानपणापासून पतंग उडवत आलोय. मांजाला असा ताण आला की काय करायचं ते हाताला पाठ आहे. मी ढील दिली.

"ढील नका देऊ!"

इतक्या मोठ्याने माझ्या सासऱ्यांना ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. समोरच्या काठावरची बगळ्यांची ओळ उडाली. पण ढील एकदा दिली की परत घेता येत नाही, हे पतंगवाल्यांना ठाऊक असतंच. मोकळ्या आभाळात ढील ही कला आहे. पोयणीच्या पट्ट्यात ती आत्महत्या. पहिल्या दोन क्षणांत माशाचं तोंड आपल्याकडे वळवून ठेवायचं असतं, मग तो पानांवरून घसरत येतो. ते दोन क्षण मी साहेबांना बहाल केले होते. पानं एकामागून एक थाडथाड हलली, पहिली चार, मग आठ, मग पट्ट्याच्या अगदी मधलं एक फूल गर्रकन फिरलं आणि सगळं थांबलं. तंगूस ताठ, तानपुऱ्याच्या तारेसारखा. दुसऱ्या टोकाला मासा नव्हता, देठांची एक जुडी होती.

"आता ढील द्या," सासरे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आता द्या म्हणतो. आता ढीलच पाह्यजे. सैल सोडलं तर कधी कधी आपणच उलगडून येते तो." हे खरं आहे, जाणकार असंच करतात. आम्ही सैल सोडलं आणि बसलो. ऊन वर आलं. खुर्चीचा पुढचा डावा पाय पूर्ण गेला. साहेब उलगडले नाहीत. अर्ज ठेवून घेतला होता.

शेवटी संस्थेचे एक काका डोंग्यातून जाळं बघायला निघाले होते, ते वळले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. तंगूसावर बोट ठेवून ते त्याच्या कडेने पानांत शिरले, बाही वर केली, खांद्यापर्यंत हात घातला, आणि डोळे मिटून जरा वेळ चाचपत राहिले, बाळंतिणीची नाडी बघावी तसे. मग हात वर आला. त्यात चार देठ, एक फूल, निळा चपलेचा तुकडा आणि तंगूस, गरी नसलेला. वेढे तीन होते. तिसऱ्या वेढ्यानंतर साहेबांनी तंगूस कुठल्यातरी सांध्याशी घासून नीट तोडला होता.

"मोठा होता का जी?" काकांनी विचारलं.

"मोठा होता," सासरे म्हणाले.

"कोणी लावली ढील?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. जावयाचा मान हा असा असतो. "वाऱ्यानं," ते म्हणाले. वारा मुळीच नव्हता. काका मान डोलावून, ते फूल माझ्या हातात देऊन निघून गेले.

घरी पोचलो तेव्हा वाटणाचा वास फाटकापर्यंत आला होता. सकाळी सातलाच मासेवाली मावशी टोपली घेऊन येऊन गेली होती, त्यात रोहू होता, सासूबाईंनी सव्वा किलो घेतला होता. नवरा तलावावर गेला आहे म्हणून मसाला वाटायचा नाही, आणि नवरा हात हलवत येणार म्हणून उपाशी राहायचं नाही, असे दोन नियम त्यांनी संसाराच्या पहिल्या वर्षीच केले असावेत. लसूण, सुकं खोबरं, खसखस आणि सुक्या मिरच्या पाट्यावर, रस्सा चुलीवर, आणि कोणीही 'काय मिळालं' असं विचारलं नाही. विचारायची पद्धतच त्या घरात नाही. मी पुण्याहून गेलेला, मला वाटत होतं कुणीतरी विचारील. निदान सांत्वन तरी.

मी ते फूल पुढे केलं. पांढरी पोयण रात्री उमलते आणि ऊन चढलं की मिटते. माझ्या हातात येईपर्यंत तिने अर्धं तोंड मिटलं होतं. सासूबाईंनी पदराला हात पुसले, फूल घेतलं, देठ वीतभर ठेवून मोडलं आणि पितळी पेल्यात पाणी घालून देवाजवळ ठेवलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आज कायीतरी आणलं."

सासरे काही बोलले नाहीत. जेवण झालं. मी तीनदा रस्सा घेतला, काटे बाजूला काढत, ताटाच्या कडेला त्यांची ओळ लावत. रोहूच्या अंगात दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, त्यामुळे बोलता येत नाही, हे त्या दिवशी सोयीचं पडलं. मग सासऱ्यांनी हात धुतले, कपाटावरून लाल नोंदवही काढली, पट्टी आणि निळं पेन घेतलं आणि खिडकीपाशी बसून लिहिलं. वाळू दिलं. मग वही माझ्यासमोर ठेवली.

ठिकाण : पोयणीजवळ. आमिष : कणीक, कूट, इतर. हवामान : निरभ्र, वारा नाही. निष्पन्न : पोयण (१), देठासह. घरी जमा.

शेऱ्याच्या रकान्यात 'गेला' होतं, आणि त्याच्या पुढे, बारीक अक्षरात, कंसात : 'ढील दिल्याने.' कुणी दिली ते लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी शेजारी जागा सोडली होती, पट्टीने ओढलेली एक रेघ, तिच्याखाली 'समक्ष', आणि पेन माझ्याकडे सरकवलेलं.

मी सही केली. तारखेसकट.